मडिकेरीत राहायचं कुठं? गावातलं हॉटेल की इस्टेटमधला होमस्टे, आई-बाबा आणि पोरं सोबत आहेत

अनगोळकर

नमस्कार मंडळी. दसऱ्याच्या सुट्टीत कूर्गमधल्या मडिकेरीला जाऊलाव, बेळगावहून आमच्याच गाडीनं. माणसं सहा, मी, बायको, आई-बाबा आणि दोन पोरं, थोरली सहावीत आणि धाकटा दुसरीत. बाबांचे गुडघे दुखतात, पायऱ्या जास्त असल्या की त्यांना जमत नाही. आई पक्की शाकाहारी आणि नवरात्राचे नऊ दिवस उपास धरते, त्यामुळं खाण्याचा प्रश्न मोठा आहे.

आता गोंधळ असा की अॅपवर बघायला बसलो तर मडिकेरी म्हणून टाकलं की शेकडो होमस्टे येतात, सगळ्यांचे फोटो सारखेच, हिरवं डोंगर, धुकं, लाकडी बाल्कनी आणि समोर कॉफीचा कप. रेटिंग पण सगळ्यांचं चारच्या वर. बायकोचं म्हणणं आहे की एवढं लांब जाऊन गावातल्या लॉजवर कशाला राहायचं, कॉफीच्या मळ्यात राहूया, पोरांना पण मोकळं मिळेल. बाबा म्हणतात गावात राहू, औषधाचं दुकान जवळ पाहिजे. दोघांचं पण पटतंय मला, म्हणून इथं विचारतोय. कोण जाऊन राहून आलंय काय? कसं ठरवायचं ते सांगा, नुसतं अमुक होमस्टे चांगला एवढंच नको, का चांगला ते पण सांगा.

निपाणीची ताई

दादा, पहिलं एक सांगते, दसऱ्यातच जाणार असाल तर तारखा परत बघा. मडिकेरीचा स्वतःचा दसरा असतो, म्हैसूरसारखा दिवसा हत्तीवरचा नाही, तिकडचा रात्रीचा. नवरात्राच्या सुरुवातीला चार मारिअम्मांचे करग म्हणजे देवीचे सजवलेले कलश निघतात आणि विजयादशमीच्या रात्री दहा देवळांचे दहा मंटप निघतात, दशमंटप म्हणतात त्याला, हलती चित्रं, लाइटिंग, आवाज, पहाटेपर्यंत चालतं. बघण्यासारखं आहे, मनापासून सांगते, पण त्या रात्री गावात गाडी हलत नाही आणि रूमचे रेट कुठल्या कुठं जातात. तुमच्या बाबांना आणि दुसरीतल्या पोराला ती गर्दी झेपायची नाही. आणि त्याच दिवसांत म्हैसूर पण भरलेलं असतं, म्हणजे वाटेत तिथं मुक्काम करू म्हणाल तर ते पण अवघड.

दुसरं खाण्याचं. कोडगूत म्हणजे कूर्गात घरोघरी पंदी करी म्हणजे डुकराचं मटण शिजतं, तो त्यांचा मान आहे, सणावाराला पण तेच. त्यात वाईट काही नाही पण तुमच्या आईंना आधी कल्पना द्या आणि होमस्टेवाल्याला फोनवर स्पष्ट विचारा की शाकाहारी स्वयंपाक वेगळ्या भांड्यात करणार काय. बरेच जण करतात, लई प्रेमानं करतात. त्यांची अक्की ओट्टी आपल्या तांदळाच्या भाकरीसारखीच लागते, आत शिजलेला भात मळलेला असतो म्हणून मऊ, त्याच्यासोबत तिळाची चटणी नाहीतर लाल भोपळ्याची भाजी देतात. नूलपुट्टू म्हणजे तांदळाच्या शेवया, कडंबुट्टू म्हणजे तांदळाच्या कण्यांचे उकडलेले गोळे. शाकाहारी माणूस उपाशी राहत नाही तिथं. पण उपासाचं मात्र कोणालाच कळत नाही, साबुदाणा, वरीचे तांदूळ, दाण्याचं कूट सगळं इथनंच घेऊन जावं लागतं आणि त्यांच्या चुलीवर करू देतील काय ते विचारावं लागतं. माझं ऐकाल तर घट उठल्यावर जावा, आईंचे उपास पण संपलेले असतील आणि रेट पण उतरलेले.

खानापूरचा रायडर

भावा वहिनी बरोबर बोलतायत. इस्टेटमध्येच राहा. मडिकेरी गाव म्हणजे चढउतारावरचं बाजारपेठेचं गाव, जिल्ह्याचं ठिकाण, गाड्या हॉर्न सगळं आहे तिथं. बेळगावात गणपत गल्लीत रोज गर्दीच बघतो की आपण, तिथं जाऊन परत तेच कशाला. इस्टेटमध्ये सकाळी उठलं की वर सिल्व्हर ओकची उंच झाडं, त्यांच्यावर चढलेली मिरी, खाली सावलीत कॉफी, आणि पक्ष्यांचा आवाज एवढा की पोरं आपोआप उठतात. मालक सकाळी पोरांना घेऊन मळ्यात फिरवतो, वेलची कुठं लागते, मिरीचा घोस कसा असतो, कॉफीचं फळ फोडलं की आत काय असतं सगळं दाखवतो. हे हॉटेलात मिळत नाही.

फक्त एक, ऑक्टोबरात कॉफीचं फूल बघायला मिळणार नाही. ते फेब्रुवारी-मार्चमध्ये पहिला पाऊस पडला की फुलतं, सगळा मळा आठ-दहा दिवसांनी पांढरा होतो आणि मोगऱ्यासारखा वास सुटतो. तोडणी डिसेंबरपासून. ऑक्टोबरात हिरवी फळं दिसतील. अॅपवरचे फोटो कुठल्या महिन्यातले हे बघून मन तयार ठेवा. आणि जळवा, पाऊस लांबला तर ऑक्टोबरात पण असतात, आमच्या भीमगडच्या जंगलात असतात तशाच, मीठ किंवा तंबाखूची पूड ठेवा जवळ.

बँकवाला बेळगाव

मी नोकरीत असताना बदलीवर मडिकेरीत राहिलोय, घर कँपातलंच, त्यामुळं दोन्ही गावं माझी. थोडं लांब लिहितोय, पण तुमच्या बाबांचा प्रश्न आहे म्हणून लिहितोय.

अनगोळकर, हॉटेल की होमस्टे हा प्रश्न नंतरचा. आधी बघायचं की ती जागा खरोखर कुठं आहे. मडिकेरी गाव लहान आहे, पण अॅपवर अर्ध्या जिल्ह्याला मडिकेरी म्हणून टाकतात. एखादा होमस्टे निघतो कक्कब्बेच्या बाजूला, म्हणजे तडियंडमोळ डोंगराच्या पायथ्याशी, तिथनं गाव घाटाघाटानं तासाभराच्या वर. एखादा निघतो कुशालनगरच्या बाजूला, तीसेक किलोमीटर खाली, जिथं हवा मडिकेरीसारखी गार नाही, कारण मडिकेरी साडेअकराशे मीटरच्या आसपास उंचीवर आहे आणि कुशालनगर त्याच्यापेक्षा बरंच खाली, कावेरीच्या काठावर. एखादा सिद्धापूरकडचा, तिकडं इस्टेटमध्ये हत्ती येतात, खरोखर येतात, माणसं दगावतात, अंधार पडल्यावर तिथले लोक स्वतः मळ्यातनं चालत नाहीत. रायडर भाऊंनी सकाळचं सांगितलं ते शंभर टक्के खरं, पण संध्याकाळ पण धरा. सहा वाजता अंधार, वर धुकं, टीव्हीला सिग्नल असेल नसेल, बाहेर पडता येत नाही. जोडपं असेल नाहीतर मित्रांचा ग्रुप असेल तर त्यातच मजा आहे. सत्तरीतला माणूस, ज्याला रात्री कधीतरी डॉक्टर लागू शकतो, त्याला ती रात्र लई लांब वाटते.

म्हणून माझा हिशोब असा, संध्याकाळी पाचनंतर तुमची सहा माणसं काय करणार हे आधी ठरवा आणि त्याच्यावरनं जागा निवडा. तुमच्या बाबतीत मला उत्तर सरळ दिसतंय. गावात राहा, राजा सीटच्या बाजूला. राजा सीट म्हणजे कोडगूचे राजे जिथं बसून सूर्यास्त बघायचे ती जागा, आता बाग आहे, खाली दरीत धुकं आणि शेतं दिसतात. बाबा तिथं रोज संध्याकाळी सावकाश चालत जाऊन बसू शकतील, पोरं बागेत खेळतील, आणि तुम्हाला घाटात गाडी घालायला नको. राज्य पर्यटन महामंडळाचं मयूर व्हॅली व्ह्यू त्याच बाजूला आहे, ते पण बघा, सरकारी म्हणून नाक मुरडू नका, जागा अशी मोक्याची की खाजगी हॉटेलांना पण मिळाली नाही. शनिवार-रविवारी मात्र राजा सीटच्या रस्त्याला सूर्यास्ताला पार्किंग मिळत नाही, म्हणून हॉटेलचं स्वतःचं पार्किंग आहे काय ते विचारा, आणि ते चढावर आहे काय ते पण. सात सीटर गाडी भरलेली घेऊन तिथल्या चढावर रिव्हर्स घेणं नव्या माणसाला सोपं नाही.

गावातली सगळीच जागा चांगली असं नाही. बसस्टँडच्या अगदी जवळची लॉज पहाटेपासून जागी असतात. महादेवपेटेत बाजार आहे, खाणंपिणं सोयीचं पण रस्ते अरुंद. जनरल तिमय्या सर्कलपासून वरच्या अंगाला शांत घरं आहेत, तिथं लोकांनी दोन-तीन खोल्या पाहुण्यांना ठेवल्यात, मालक खाली राहतो, सकाळचा नाश्ता घरचा. बायकोला होमस्टे पाहिजे आणि बाबांना गाव पाहिजे, तर ही मधली वाट आहे की. घराच्या मागं चार कॉफीची झाडं असतातच.

आता जे फोटोत दिसत नाही ते. डोंगर कापून मागं भिंत आणि पुढं दरी अशी नवी बांधकामं रग्गड झालीत, व्ह्यू त्यांचाच सगळ्यात भारी असतो. पण २०१८ च्या ऑगस्टमध्ये मक्कंदूर, मोन्नंगेरी, जोडुपाळ ह्या बाजूला डोंगरच्या डोंगर खाली आले, घरं गेली, मंगळूरकडं जाणारा संपाजे घाट बंद पडला. २०२० च्या ऑगस्टमध्ये तलकावेरीजवळ, म्हणजे कावेरीच्या उगमापाशी, ब्रह्मगिरीचा कडा कोसळला आणि देवळाच्या पुजाऱ्यांचं घर त्यात गेलं. ऑक्टोबरात तेवढा पाऊस नसतो पण परतीचा पाऊस कधी कधी दोन दिवसांत जोरात पडतो. म्हणून इमारतीच्या मागच्या बाजूचा फोटो मागवा. मागं ताजा कापलेला लाल मातीचा उभा कडा दिसला तर ती जागा सोडून द्या, कितीही स्वस्त असू दे. जुनं कौलारू घर, भोवती मोठी झाडं, ते बरं.

आणि पर्यटन खात्याकडं नोंदणी आहे काय ते विचारा. ज्याची आहे तो लगेच सांगतो, ज्याची नाही तो विषय बदलतो.

कँपातला फौजी

बँकवाले साहेबांचं बरंचसं पटतं पण मी कुशालनगरच्या बाजूनं बोलणार. गुडघ्यांचा विचार करा. मडिकेरी म्हणजे सगळं चढउतार, हॉटेलात रिसेप्शन रस्त्याला आणि खोल्या दोन मजले खाली, अशी कितीतरी आहेत, कारण डोंगराच्या उतारावर बांधलंय सगळं. लिफ्ट नसते. कुशालनगर सपाट. आणि पोरांना आणि म्हाताऱ्यांना घेऊन बघायचं जे आहे त्यातलं निम्मं त्याच बाजूला आहे. दुबारेचा हत्ती कॅम्प, कावेरी निसर्गधाम, आणि पलीकडं बैलकुप्पेचा तिबेटी नामद्रोलिंग मठ, मधे बुद्ध अशा तीन मोठ्या सोनेरी मूर्ती, सगळं सपाट अंगण, बाबा आरामात फिरतील. उलट अॅबी धबधब्याला खाली उतरायला पायऱ्याच पायऱ्या, मांडलपट्टीला जीपशिवाय जाता येत नाही आणि ती जीप गुडघेच काय पाठ पण मोडून काढते. तलकावेरीला पण देवळापर्यंत पायऱ्या आहेत.

फक्त एक गोष्ट मडिकेरीत चुकवू नका, जनरल तिमय्यांचं घर सनी साइड, तिथं २०२१ पासून म्युझियम आहे. आपलं बेळगाव मराठा लाइट इन्फंट्रीचं गाव, इथल्या घराघरातनं कोण ना कोण फौजेत आहे, पोरांना दाखवाच. कोडगूनं फील्ड मार्शल करिअप्पा आणि जनरल तिमय्या असे दोन लष्करप्रमुख दिलेत, एवढ्याशा जिल्ह्यानं.

बँकवाला बेळगाव

फौजी साहेब, पायऱ्यांचं तुमचं एकदम बरोबर, ते मी लिहायला पाहिजे होतं. पण कुशालनगरला राहून दिवसभर फिरून आलं तर मडिकेरीची हवा मिळतच नाही, बेळगावसारख्याच हवेत राहिल्यासारखं होतं आणि एवढं पाचशेच्या वर किलोमीटर जाऊन ते मनाला लागतं. गावातच राहावं पण तळमजल्याची, रस्त्याच्या लेव्हलची खोली लिहून घ्यावी. लिहून म्हणजे मेसेजवर, तोंडी नको. आणि पोहोचल्यावर वेगळी खोली दिली तर तो मेसेज दाखवायचा. कुशालनगरकडचं सगळं एका दिवसात होतं, सकाळी लवकर निघायचं कारण दुबारेला हत्तींची आंघोळ सकाळची असते.

निपाणीची ताई

रेटचं कोणी बोललं नाही म्हणून सांगते. होमस्टेवाले बऱ्याचदा माणशी रेट सांगतात, नाश्ता धरून, कधी रात्रीचं जेवण पण धरून, आणि हॉटेलवाले खोलीचा रेट सांगतात. अॅपवर दोन्ही शेजारी शेजारी दिसतात आणि होमस्टे स्वस्त वाटतो. सहा माणसांचा पूर्ण हिशोब कागदावर मांडा. पोरांचं अर्धं घेतात की पूर्ण, जास्तीची गादी फुकट की पैशानं, शेकोटीचे वेगळे पैसे काय, रात्रीचं जेवण आदल्या दिवशी सांगायचं काय, सगळं विचारा. इस्टेटवर जेवण आधी सांगितलं नाही तर मिळत नाही आणि बाहेरनं मागवायची सोय नसते, माझ्या जावेच्या घरचे रात्री नऊला पोहोचले आणि बिस्किटांवर झोपले, पोरं रडत होती. हॉटेलात जीएसटी वेगळा लागतो, खोलीचा रेट दिवसाला ७५०० पर्यंत असला तर आता ५ टक्के, त्याच्यावर गेला की १८, म्हणजे ७४०० आणि ७६०० मध्ये फरक दोनशेचा राहत नाही, चांगला हजाराच्या वर जातो.

आणि बायकांनी बघायचं एक, अंथरूण. पावसाळ्यानंतर तिथं सगळं दमट असतं, गाद्यांना, रजईला कुबट वास येतो. नवीन रिव्ह्यू वाचा, जुने नको, आणि त्यातले तीन स्टारवाले वाचा. पाचवाला नुसता छान म्हणतो आणि एकवाला भांडून आलेला असतो, तीनवाला गादी, गरम पाणी, झुरळ सगळं नीट लिहितो.

खानापूरचा रायडर

गरम पाण्याचं पण विचार भावा. सोलर असेल तर धुक्यात तापत नाही, गीझर असेल तर लाइट गेली की संपलं, आणि पावसात लाइट जाते. लाकडाचा बंब असलेली घरं सगळ्यात बरी, सकाळी सहा माणसांची आंघोळ आरामात होते.

बरं आणि गावात राहणार असलात तरी एक सकाळ इस्टेट बघा. काही इस्टेटवाले नुसतं फिरवतात पण, पैसे घेऊन, तासा-दोन तासांचं. राहायलाच पाहिजे असं नाही, हे मी मान्य करतो.

अनगोळकर

सगळ्यांचे मनापासून आभार. घरात सगळ्यांना वाचून दाखवलं. घट उठल्यावर जायचं ठरलं, आई म्हणाली उपासाचं सामान बांधायचा ताप वाचला. गावातला, मालक खाली राहतो तसला होमस्टे बघतोय, दोन खोल्या, रस्त्याच्या लेव्हलला. बायको पण तयार झाली, इस्टेटची सकाळ मिळणार म्हटल्यावर.

दोन शंका आहेत. आम्ही कुठल्या वारी पोहोचावं? आणि फोनवर मराठी-हिंदी चालेल काय की कन्नडच बोलावं? माझं कन्नड कामापुरतं आहे, बाजारातलं.

बँकवाला बेळगाव

रविवारी दुपारनंतर पोहोचा. बेंगळूरची आणि केरळची माणसं शुक्रवारी रात्रीपासून येतात आणि रविवारी जेवून परत जातात. रविवार ते बुधवार गाव रिकामं असतं, रेट उतरतात, मालकाला पण बोलायला वेळ असतो. सोमवारी म्युझियम बंद असू शकतं, ते मंगळवारावर टाका. एक अजून, १७ ऑक्टोबरच्या आसपास तुळ संक्रमण असतं, तलकावेरीला कुंडात तीर्थ उगवतं म्हणून सगळं कोडगू तिथं जातं, भागमंडलाच्या रस्त्यावर गाड्यांची रांग असते. आईंना दर्शन घ्यायचं असेल तर त्या दिवशी नको, दोन-तीन दिवसांनी जावा, तीर्थाला लोक महिनाभर येतात.

कन्नडच बोला. बाजारातलं चालतं, उत्तर कर्नाटकातलं कन्नड ऐकलं की ते हसतात पण आपुलकीनं हसतात, आणि लांबनं आलेत म्हणून मनापासून सांगतात. त्यांची घरची भाषा कोडव तक्क आहे, कन्नड त्यांना पण शिकलेलीच. अॅपवर बुक करायच्या आधी एकदा फोन करा, ‘कार मने तनक बरतदेनु’, म्हणजे गाडी घरापर्यंत येते काय, एवढं विचारलं तरी रग्गड कळतं. गाडी दारापर्यंत येत नसेल तर मालक सांगतो की शेवटचा भाग आमच्या जीपनं, मग बाबांसाठी ती जागा नाही. बोलताना मालक स्वतः बोलतोय की कुणी मॅनेजर बेंगळूरहून, ते पण कळतं. मालक घरात राहत असेल तर रात्री बाबांना काही झालं तर हाक मारायला माणूस आहे. जिल्ह्याचं सरकारी हॉस्पिटल मडिकेरीतच आहे, घरापासून किती लांब ते विचारून ठेवा. घरात लँडलाइन किंवा वायफाय आहे काय ते पण विचारा, रेंज कुठल्या वळणावर जाईल सांगता येत नाही, आणि थोडी रोकड ठेवा कारण नेट गेलं की फोनवरनं पैसे जात नाहीत.

बेळगावहून एका दिवसात ओढत नेऊ नका. हुबळी, हावेरी, शिवमोग्गा करत हासनला नाहीतर बेलूरला मुक्काम करा. बेलूर-हळेबीडची देवळं २०२३ पासून जागतिक वारशात आहेत, आईंना आवडतील. दुसऱ्या दिवशी सावकाश निघालात तर कुशालनगरला जेवून दुपारी तीन-चारपर्यंत वर पोहोचता. अंधारात तो चढ नको. धुकं उतरलं तर पुढच्या गाडीचा लाल दिवा पण दिसत नाही, तसं झालंच तर पिवळे फॉग लाइट लावा, हाय बीम नको, आणि कुशालनगरलाच थांबून मालकाला फोन करा, तिथनं वर रस्ता कसा आहे ते तो खिडकीतनं बघून सांगेल.